शेजारची रिकामी खुर्ची

शिकाऊ वैमानिकाच्या लॉगबुकात तासांचे रकाने असतात. एकात प्रशिक्षकाबरोबर केलेल्या उड्डाणांची नोंद, दुसऱ्यात एकट्याने केलेल्या. पहिल्या रकान्यात पाने भरत जातात, दुसरा कोराच राहतो. मग एके दिवशी प्रशिक्षक पट्टा सोडतो, वाकून बाहेर पडतो, दार लावतो आणि दूर जाऊन उभा राहतो. इंजीन चालू असते, वर पाती फिरत असतात. त्या दिवशी दुसऱ्या रकान्यात पहिला आकडा पडतो. बहुधा तो अर्ध्या तासाचाही नसतो. जगभरचे वैमानिक त्या उड्डाणाला ‘पहिला सोलो’ म्हणतात आणि पुढे हजारो तास उडूनही तो दिवस विसरत नाहीत.

हेलिकॉप्टरच्या इतिहासात मात्र हे दोन रकाने उलट्या क्रमाने भरले गेले. आधी एकट्याचे उड्डाण झाले, शिकवणारा त्यानंतर आला. शेजारची खुर्ची तर त्याहूनही उशिरा आली. तिच्यावर कोण बसले, ती कोणासाठी रिकामी करावी लागली आणि ती रिकामी करण्याआधी किती तास थांबायचे हे कसे ठरले, ही हकिकत हेलिकॉप्टरच्या रूढ इतिहासात तुकड्यातुकड्यांनी येते. ते तुकडे एकत्र ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

विमानाला गुरू मिळाला तो काळ

विमानाचीही सुरुवात एकट्यानेच झाली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधल्या शाळांत शिकाऊ उमेदवाराला ‘पेंग्विन’ नावाच्या यंत्रात बसवत. ब्लेरिओ विमानाचे पंख आखूड करून ते बनवलेले असे. पेंग्विन पक्ष्यासारखेच त्याला उडता येत नसे. उमेदवाराने ते मैदानावर सरळ रेषेत पळवून दाखवायचे, मग जरा मोठ्या पंखांच्या यंत्रात बसून थोडी उडी घ्यायची, असे करत करत वर जायचे. या सगळ्या काळात शिक्षक जमिनीवर उभा असे. विद्यार्थ्याच्या हातून आकाशात चूक झाली, तर ती दुरुस्त करायला तिथे दुसरा हात नव्हता.

ही पद्धत बदलण्याचे मोठे श्रेय रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश अधिकाऱ्याला दिले जाते. १९१७ मध्ये इंग्लंडमधील गॉसपोर्ट येथे त्याने प्रशिक्षणाची नवी घडी बसवली. ॲव्रो ५०४ विमानात विद्यार्थी आणि शिक्षक दोघांपुढेही पूर्ण नियंत्रणे ठेवली. शिक्षकाचे बोलणे विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोहोचवणारी नळी बसवली. धोक्याची अवस्था टाळायची नाही, विद्यार्थ्याला मुद्दाम तीत न्यायचे आणि बाहेर कसे पडायचे ते शिकवायचे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. एकट्याचे उड्डाण आता शिक्षणाची सुरुवात राहिले नाही. ते शिक्षणातली एक परीक्षा झाले.

आपल्याकडे हौशी उड्डाण आले ते ही घडी बसल्यानंतर. १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यांना शिकवायला क्लबात प्रशिक्षक होता आणि दोघांसाठी नियंत्रणे असलेले विमान होते. त्याच वर्षी जगात कोणी हेलिकॉप्टर शिकायचे म्हटले असते, तर त्याला शिक्षक मिळाला नसता आणि भरवशाने उडणारे यंत्रही मिळाले नसते.

दोन हात, दोन पाय

या यंत्राला इतका वेळ का लागला, हे समजण्यासाठी ते चालवायला काय लागते ते पाहावे लागेल. विमान पुढे धावते तेव्हा पंखांखालून वाहणारी हवा त्याला उचलून धरते आणि बरेचसे सावरतेही. हात क्षणभर सैल झाला तरी चांगले विमान आपल्या वाटेने जात राहते. हेलिकॉप्टर जमिनीपासून चार फुटांवर एका जागी थांबलेले असते, तेव्हा त्याला असे सावरणारे काही नसते.

वैमानिकाच्या उजव्या हातात ‘सायक्लिक’ नावाची दांडी असते. ती ज्या बाजूला झुकवावी त्या बाजूला यंत्र सरकते. डाव्या हाताशी ‘कलेक्टिव्ह’ असते. ते उचलले की सर्व पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर जाते. छोट्या यंत्रांत त्याच दांडीच्या मुठीत इंजिनाचा थ्रॉटल असतो. पायांखालची दोन पॅडल शेपटीचा छोटा पंखा सांभाळतात. मोठा पंखा एका दिशेने फिरला की यंत्राचे धड उलट दिशेने वळू पाहते आणि शेपटीचा पंखा त्याला रोखून धरतो.

यातले कोणतेही नियंत्रण एकटे वापरता येत नाही, ही खरी अडचण आहे. कलेक्टिव्ह उचलले की धड वळू लागते, म्हणून पॅडल दाबावे लागते. पॅडल दाबले की इंजिनावरचा भार बदलतो आणि यंत्र बाजूला सरकू लागते, म्हणून सायक्लिक हलवावे लागते. सायक्लिक हलवले की उंची कमीजास्त होते आणि पुन्हा कलेक्टिव्ह. सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थी गरजेपेक्षा जास्त आणि क्षणभर उशिरा हात हलवतो. यंत्र झोक्यासारखे डोलू लागते आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. अशा वेळी शेजारी बसलेला प्रशिक्षक अलगद हात घालून यंत्र शांत करतो. शेजारी कोणीच नसेल तर काय होईल, ते पहिल्या पिढीने पाहिले.

पन्नाशीतला विद्यार्थी

इगोर सिकोर्स्की यांचा जन्म १८८९ मध्ये कीव्ह येथे झाला. विशीत त्यांनी दोन हेलिकॉप्टरे बांधली. १९१० मधले दुसरे यंत्र स्वतःचे वजन उचलू शकले, माणसाचे नाही. मग ते विमानांकडे वळले. स्वतः बांधलेल्या विमानांवर ते स्वतःच उडायला शिकले आणि १९१३ मध्ये त्यांनी चार इंजिनांचे मोठे विमान उडवून दाखवले. रशियन क्रांतीनंतर १९१९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तिथे उडत्या बोटींचे कारखानदार म्हणून नावारूपाला आले. हेलिकॉप्टर मात्र मनात राहून गेले होते.

दरम्यान इतरांनी बरेच केले होते. १९०७ मध्ये फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंचे यंत्र जमिनीपासून उचलले गेले, पण ते स्थिर राहावे म्हणून चार माणसे चार कोपरे धरून उभी होती. स्पेनच्या ह्वान दे ला सिएर्व्हा यांनी १९२३ पासून ऑटोजायरो उडवून फिरत्या पात्यांचे शास्त्र पुढे नेले. जर्मनीत फॉके यांचे दोन पंख्यांचे यंत्र १९३६ मध्ये उडाले आणि १९३८ मध्ये हाना राइश या महिला वैमानिकेने ते बर्लिनच्या एका बंदिस्त सभागृहात उडवून दाखवले.

१४ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेतील स्ट्रॅटफर्ड येथे सिकोर्स्की आपल्या व्हीएस-३०० या यंत्रात बसले. पंचाहत्तर अश्वशक्तीचे इंजीन, वर एकच मोठा पंखा, शेपटीला एक छोटा आणि बसायला एकच उघडी जागा. यंत्र भलतीकडे जाऊ नये म्हणून त्याला खाली वजने बांधली होती. काही सेकंद चाके जमिनीवरून उचलली गेली. त्या काळातल्या छायाचित्रांत डोक्यावर हॅट आणि अंगात कोट घातलेले सिकोर्स्की त्या सांगाड्यात बसलेले दिसतात. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते, जगातल्या नामवंत विमानरचनाकारांत गणले जात होते आणि या विद्येत पहिल्या दिवसाचे विद्यार्थी होते.

एकट्याने शिकण्यात धोका असतो हे सर्वांना कळते. त्यात आणखी एक अडचण आहे, तिची चर्चा कमी होते. यंत्र वेडेवाकडे वागले तर दोष कोणाचा? रचना चुकली की हात चुकला? आजच्या विद्यार्थ्याला शेजारचा माणूस तत्काळ सांगतो की यंत्र ठीक आहे, चूक तुझी आहे. सिकोर्स्कींना हे सांगणारे कोणी नव्हते. ते एकाच वेळी यंत्र घडवत होते आणि ते चालवायला शिकत होते, आणि दोन्ही गोष्टी कच्च्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाऱ्याच्या झोताने यंत्र उलटले आणि मोडले. ते पुन्हा बांधले गेले. बांधलेली वजने सोडून मुक्त उड्डाण झाले ते १३ मे १९४० रोजी. काही काळ तर हे यंत्र मागे जाई, बाजूला जाई, फक्त पुढे जायला तयार नसे! नियंत्रणाची रचना पुन्हा पुन्हा बदलत ६ मे १९४१ रोजी ते सलग एक तास बत्तीस मिनिटे हवेत राहिले आणि जर्मन यंत्राचा विक्रम मोडला गेला.

व्हीएस-३०० मध्ये एकच जागा असल्यामुळे त्यावर जो बसेल त्याचे पहिले उड्डाण एकट्याचेच होई. अमेरिकी सैन्याचा फ्रँक ग्रेगरी १९४० मध्ये असाच त्यावर बसला. पुढे १९४४ मध्ये त्याने हेलिकॉप्टरची कथा सांगणारे पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच घोडा आणला. कारखान्याचा चाचणी वैमानिक लेस मॉरिसही याच यंत्रावर तयार झाला. विमानाचे शेकडो तास गाठीशी असलेली ही माणसे या यंत्रात बसली की नवशिकी होत.

दुसरी खुर्ची

१४ जानेवारी १९४२ रोजी मॉरिसने एक्सआर-४ हे नवे यंत्र उडवले. याला बंद केबिन होती आणि शेजारी शेजारी दोन खुर्च्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात मॉरिस ते स्ट्रॅटफर्डहून ओहायोतील राइट फील्डपर्यंत घेऊन गेला. सातशे एकसष्ट मैलांच्या या प्रवासाला पाच दिवस लागले आणि काही टप्प्यांत खुद्द सिकोर्स्की शेजारी बसले होते. सैन्याने यंत्र स्वीकारले. सगळी रूपे मिळून अशी १३१ यंत्रे बनली आणि ‘आर-४’ हे मोठ्या संख्येने बनलेले जगातले पहिलेवहिले हेलिकॉप्टर ठरले.

दुसरी खुर्ची आली तेव्हाच प्रशिक्षक नावाची व्यक्ती शक्य झाली. सुरुवातीचे वर्ग सिकोर्स्कींच्या कारखान्यातच भरले. पुढे न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या फ्लॉइड बेनेट विमानतळावर अमेरिकी तटरक्षक दलाने शाळा चालवली आणि १९४५ मध्ये ब्रिटिश वायुदलाची शाळा अँडोव्हर येथे सुरू झाली. या शाळांतल्या शिक्षकांची पहिली फळी एकट्याने शिकलेल्यांकडून किंवा त्यांच्या शिष्यांकडून तयार झाली होती.

या यंत्राची एक खूण आजही टिकून आहे. विमानात मुख्य वैमानिक डावीकडे बसतो, बहुतेक हेलिकॉप्टरांत उजवीकडे. त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण असे. वजन वाचवण्यासाठी आर-४ मध्ये सायक्लिक दोन होते, पण कलेक्टिव्ह एकच, दोन खुर्च्यांच्या मधोमध. उजवीकडे बसणाऱ्याला डाव्या हाताने कलेक्टिव्ह आणि उजव्या हाताने सायक्लिक धरता येई. विद्यार्थी तिथे बसून शिकले, हाताला तीच सवय लागली आणि पुढे कमावते वैमानिक झाल्यावर त्यांनी तीच जागा मागितली. म्हणजे आज जी कॅप्टनची खुर्ची आहे, ती मुळात विद्यार्थ्याची होती.

लालाघाटहून ब्रह्मदेशात

या यंत्राने युद्धात पहिला जीव वाचवला त्या घटनेचे एक टोक भारतात आहे. १९४४ च्या मार्चमध्ये जनरल विंगेट यांच्या चिंडिट फौजा विमानांनी आणि ग्लायडरनी ब्रह्मदेशात जपानी आघाडीच्या मागे उतरवल्या गेल्या. हे काम करणाऱ्या अमेरिकी फर्स्ट एअर कमांडो तुकडीचा एक तळ आसाममध्ये लालाघाट येथे होता. तिच्याकडे काही आर-४ होती. त्यांचा एक वैमानिक लेफ्टनंट कार्टर हार्मन सिकोर्स्कींच्या कारखान्यात हे यंत्र शिकून आला होता.

एप्रिलमध्ये एक छोटे अमेरिकी विमान तीन जखमी ब्रिटिश सैनिकांना घेऊन जाताना शत्रूच्या प्रदेशात कोसळले. वैमानिक आणि तिघे जखमी जिवंत होते, पण जिथे लपले होते तिथे विमान उतरणे शक्य नव्हते. जपानी सैनिक आसपास होते. हार्मनला बोलावणे आले. यंत्राचा पल्ला कमी, म्हणून जादा इंधनाची टाकी बसवून तो लालाघाटहून टप्प्याटप्प्याने सीमेपलीकडच्या टारो तळावर आणि तिथून चिंडिटांच्या ‘ॲबर्डीन’ या धावपट्टीवर पोहोचला.

पुढचा प्रश्न वजनाचा होता. गरम हवा विरळ असते. तीत पात्यांना पकड कमी मिळते आणि इंजीनही दमते. त्या उन्हाळ्यात आर-४ वैमानिकाशिवाय फार तर एका माणसाला उचलू शकत होते. हार्मनने एका जखमीला शेजारी घेतले, विमान उतरू शकेल अशा नदीकाठच्या वाळूच्या पट्ट्यावर पोहोचवले आणि दुसऱ्यासाठी परत गेला. इंजीन इतके तापले की त्या दिवशीचे काम थांबवावे लागले. दुसऱ्या दिवशी उरलेले आले, सर्वांत शेवटी कोसळलेल्या विमानाचा वैमानिक.

या घटनेचे वर्णन बहुधा ‘हेलिकॉप्टरने केलेली पहिली युद्धभूमीवरील सुटका’ एवढ्यावर संपते. मला त्यात महत्त्वाची वाटते ती खुर्ची. हार्मन शिकला तेव्हा शेजारच्या खुर्चीवर प्रशिक्षक होता. त्याला एकट्याने उडवता येत नसते, तर ती खुर्ची भरलेलीच राहिली असती आणि त्या यंत्रात जखमीला जागा उरली नसती. सोलो म्हणजे विद्यार्थ्याच्या धाडसाची परीक्षा असे आपण समजतो. या यंत्राच्या बाबतीत सोलोचा अर्थ अधिक साधा आणि उपयोगाचा आहे. एकट्याने उडवता आले की शेजारची जागा दुसऱ्या कोणाला तरी देता येते.

एकोणीस वर्षांचा कारखानदार आणि डॉक्टर आंद्रे

हार्मन ब्रह्मदेशात होता त्याच वर्षी कॅलिफोर्नियात स्टॅन्ली हिलर नावाचा तरुण सिकोर्स्कींनी केले तेच करत होता. त्याच्या यंत्रात एकावर एक असे दोन पंखे उलट दिशांना फिरत, त्यामुळे शेपटीच्या पंख्याची गरज नव्हती. हे यंत्र चालवायला शिकवणारे जगात कोणीच नव्हते. ४ जुलै १९४४ रोजी बर्कली विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये हिलरने ते दोरीविना उडवले. त्याचे वय होते एकोणीस.

त्याच्या कंपनीने पुढे हिलर ३६० हे हलके यंत्र काढले. फ्रेंच सैन्याने ते हिंदीचीनमध्ये नेले. तिथे व्हॅलेरी आंद्रे नावाची सैनिकी डॉक्टर होती. यंत्राच्या दोन्ही बाजूंना बाहेर एकेक स्ट्रेचर बांधलेले असे आणि दोन जखमी घेऊन उडायचे तर प्रत्येक किलो मोलाचा होता. अंगकाठीने बारीक असलेल्या डॉ. आंद्रे हेलिकॉप्टर चालवायला शिकल्या आणि १९५२ पासून जखमींना आणायला स्वतः जाऊ लागल्या. वैमानिक आणि डॉक्टर अशी दोन माणसे न्यायची गरज उरली नाही. १२९ मोहिमांत त्यांनी १६५ जखमींना बाहेर काढले. १९७६ मध्ये त्या फ्रान्सच्या पहिल्या महिला जनरल झाल्या. २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वीस तासांचा नियम

आता प्रश्न उरतो, खुर्ची रिकामी केव्हा करायची? याचे उत्तर अनुभवाने दिले आणि तो अनुभव महाग पडला.

अमेरिकेत १९७३ मध्ये फ्रँक रॉबिन्सन या अभियंत्याने स्वतःच्या घरातून कंपनी सुरू केली. २८ ऑगस्ट १९७५ रोजी आर-२२ या यंत्राचे पहिले उड्डाण त्याने स्वतः केले. दोन माणसांचे स्वस्त आणि साधे हेलिकॉप्टर बनवायचे, एवढाच त्याचा हेतू होता. पण स्वस्त असल्यामुळे ते जगभरच्या प्रशिक्षण शाळांनी उचलले आणि हजारो विद्यार्थ्यांचा पहिला सोलो याच यंत्रावर झाला.

आर-२२ ची पाती हलकी आहेत. इंजीन बंद पडले की जड पाती आपल्या वेगाने काही काळ फिरत राहतात, हलकी पाती चटकन मंदावतात. अशा वेळी कलेक्टिव्ह ताबडतोब खाली टाकून, खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवत उतरायचे असते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. आर-२२ मध्ये ‘ताबडतोब’ म्हणजे जेमतेम सेकंदभर. सायक्लिक एकदम पुढे ढकलून यंत्र हवेत हलके झाले, तर पात्यांचा मधला भाग मुख्य दांड्यावर आपटून तो तुटण्याचा धोकाही असतो. विमानावर हात बसलेल्या वैमानिकांची सवय नेमकी इथे घात करी. अनेक अपघात झाले, त्यांत विद्यार्थी गेले आणि प्रशिक्षकही गेले. अखेर १९९५ मध्ये अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने या यंत्रासाठी खास नियम काढला. नव्या विद्यार्थ्याला आर-२२ मध्ये एकटे सोडण्यापूर्वी किमान वीस तास प्रशिक्षकाबरोबर झाले पाहिजेत आणि वरील धोके त्याला शिकवल्याची लेखी नोंद पाहिजे. हे वीस तास कोणी पुस्तकातून काढलेले नाहीत. अपघातांच्या चौकशीतून ते आले आहेत.

खुर्ची रिकामी झाल्यावरही ती आपले अस्तित्व जाणवून देते. आर-२२ पूर्ण भरलेले असताना ६२२ किलोंचे असते. प्रशिक्षक उतरला की त्यातला जवळजवळ आठवा हिस्सा जातो. यंत्र अपेक्षेपेक्षा लवकर जमीन सोडते. खुर्च्या मुख्य दांड्याच्या पुढे असल्याने पुढचे वजन घटते आणि नाक वर राहते. डावी बाजू हलकी झाल्याने झुकावही बदलतो. वीस तास ज्या यंत्राची सवय केली ते हे यंत्रच नव्हे, असे विद्यार्थ्याला वाटते. चांगला प्रशिक्षक उतरण्यापूर्वी हे सांगून ठेवतो. सिकोर्स्कींना, हिलरला जे स्वतःच्या जिवावर कळले, ते आता दोन वाक्यांत सांगता येते.

नाशिकरोड

भारतीय वायुदलात हेलिकॉप्टर आले ते १९५४ मध्ये, सिकोर्स्कींच्याच कंपनीचे एस-५५. भूदलाचा स्वतंत्र हवाई विभाग, आर्मी एव्हिएशन कोअर, १ नोव्हेंबर १९८६ रोजी उभा राहिला आणि त्याचे वैमानिक घडवणारी शाळा आपल्या नाशिकरोडला आहे. तिथे शिकण्याची यंत्रे चेतक आणि चीता ही आहेत. दोन्हींचे मूळ फ्रेंच असल्याने त्यांचा मोठा पंखा अमेरिकी यंत्रांच्या उलट दिशेने फिरतो. तिकडे वर जाताना डावे पॅडल दाबावे लागते, इथे उजवे. २५ मे २०२२ रोजी याच शाळेत कॅप्टन अभिलाषा बराक यांनी भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून छातीवर पंख लावले.

या शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी काही जण पुढे सियाचिनला चीता घेऊन जातात. तिथेही हवा विरळ असते, कारण तेवढे वेगळे. ब्रह्मदेशात उष्णता होती, इथे उंची. हिशेब तोच आहे. इंधन किती घ्यायचे, सामान किती टाकायचे, परतताना किती जणांना उचलता येईल. चौकीवर हिमदंशाने किंवा दम लागून पडलेला जवान वाट पाहत असतो आणि त्याच्यासाठी जागा ठेवावी लागते. नाशिकरोडच्या मैदानावर जेव्हा एखादा प्रशिक्षक दार लावून दूर जाऊन उभा राहतो, तेव्हा तो विद्यार्थ्याला एकटे सोडत असतो हे खरे. त्याच वेळी तो त्या जवानाची जागा मोकळी करत असतो.